शकू, आत काय होतं ते तुला माहीत होतं

शकू,

मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत असं म्हणतात. ते इतरांसाठी झालं. तुझं-माझं नातं रोगाचं, आणि रोगाच्या नात्यात आपण कधी भीडभाड ठेवली नाही. तुझ्या तेरवीला बायका एकेक करून फोटोला फूल वाहत होत्या, "मोठी गुणाची होती व शकुबाई" म्हणत होत्या, आणि मी रांगेत उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते, खोटारडी होती. तोंडातून काढलं नाही. भाऊजी भिंतीला टेकून बसले होते, त्यांच्याकडे पाहिलं, फूल वाहिलं आणि मागे सरकले.

पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, हे तुला माझ्या नवऱ्याहून जास्त माहीत आहे. म्हणून आता बोलते. तू मला फसवलंस. किरकोळ गोष्टीत फसवलं असतंस तर मी हसून सोडलं असतं. ज्या एका गोष्टीत आपण एकमेकींवर डोळे मिटून विश्वास टाकला होता, नेमकी तीच गोष्ट निवडलीस. तू सुटलीस. इकडे मी माझे हात मांडीवर ठेवून बसले आहे आणि हे हात खरं बोलतात की तुझ्यासारखेच खोटं, हे मला कळेनासं झालं आहे.

आपली पहिली भेट आठवते का? चंद्रपूरच्या दवाखान्याचा तो लांब वऱ्हांडा. डॉक्टरसाहेब नागपूरहून महिन्यातून दोनदा येतात, त्या दिवशी आमवाताच्या बायकांची ही गर्दी. माझी बोटं तेव्हा सकाळी उघडतच नसत. शिलाई मशीन झाकून ठेवलं होतं, ब्लाउजांची गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली होती. केस विंचरता येत नव्हते म्हणून तसेच गुंडाळून आले होते. तू शेजारी बसली होतीस. ओळख ना पाळख, मागून सरळ माझे केस सोडलेस.

"असं ध्यान घेऊन डॉक्टरपुढं जातेस काय व? तो पळून जाईन नं!"

तुझी स्वतःची बोटं त्या वेळी आल्यासारखी वाकडीतिकडी सुजलेली. तरी वेणी घातलीस. बरेच दिवस मला जो कोणी हात लावत होता तो इथे दुखतं का, तिथे दुखतं का विचारायलाच. मी तिथेच रडायला लागले. तू घाबरून म्हणालीस, "इतकी खराब झाली काय वेणी?"

खराबच झाली होती. पण त्या वेणीने तू मला बांधून घेतलंस, हे खरं आहे आणि ते मी नाकारणार नाही. नळ कोपराने सोडायचा, कढई दोन तळव्यांमध्ये धरायची, सकाळी बोटं कोमट पाण्यात भिजत घालायची, हे मला तू शिकवलंस. तू मुलचेऱ्याकडून आष्टीवरून येणारी बस धरायचीस, मी गोंडपिपरीला चढायचे, आणि तुझी पिशवी माझी जागा धरून बसलेली असायची. एकदा एका गुरुजींनी ती पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि ते बसले, तेव्हा तू कोठारी येईपर्यंत त्यांना आपल्या रोगाची एवढी माहिती दिलीस की ते आपणहून उठून मागे गेले.

आणि रविवार. आपली ती आठवड्याची गोळी. सगळ्या गोळ्या रोजच्या, ही एकच आठवड्यातून एकदा, आणि तीच खरी. ती घेतली की सोमवारी तोंड कडू, पोटात ढवळाढवळ, भाताचा वास नको. दोघींनी ठरवलं होतं, रविवारी जेवण झालं की फोन. तू विचारायचीस, "घेतली?" मी म्हणायचे, "घेतली. तू?" आणि तू म्हणायचीस, "घेतली व, आता उद्या मरतो."

हेच शेवटपर्यंत म्हणत राहिलीस. याच सुरात. शकू, किती सहज म्हणत होतीस गं.

गोळ्यांनी गुण दिला, हे आपण दोघींनी पाहिलं. सूज उतरली. मी मशीनवरची चादर काढली. डॉक्टरसाहेबांनी तुझा एकेक सांधा दाबून पाहिला, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि पहिल्यांदा तो शब्द उच्चारला, रिमिशन. म्हणजे रोग गेला नाही, झोपला आहे, असं त्यांनी समजावलं. तू ताबडतोब म्हणालीस, "झोपला का मेला ते सांगा नं साहेब. झोपलेलं उठते." ते हसले. मग तू मुद्द्यावर आलीस. गोळी बंद करायची होती तुला.

तेव्हाच त्यांनी एमआरआय सुचवला. सगळ्यांना लागत नाही, ते म्हणाले. पण कधी कधी बोटांना वरून काही कळत नाही, रक्तही चांगलं येतं, आणि आत सांध्याच्या अस्तराला सूज असते, हाडात ओल धरलेली असते. ती तशीच राहिली तर हाड हळूहळू कुरतडलं जातं. गोळी सोडायची असेल तर आधी आत बघून घेऊ.

त्यावरून आपलं भांडण लागलं आणि ते कधी मिटलंच नाही. परतीच्या बसमध्ये तू फणफणत होतीस. "माहे हात हायेत नं? मग माह्या हाताले विचारा. मशीनीले काऊन विचारते?" मी म्हटलं, हाताला काय कळतं, हात तर लबाड असतो, दुखत नाही म्हणून सांगतो आणि आतून सडतो. तू म्हणालीस, "तुह्या असन लबाड." बल्लारपूर ते गोंडपिपरी आपण एकमेकींशी बोललो नाही. मी उतरताना मात्र तू खिडकीतून ओरडलीस, "जाईन नं व मशीनीत! तू येजो संगं."

मी आले. नागपूरला. तिथली मुलगी म्हणाली, अंगावर धातू चालत नाही, सगळं काढा. मी तुला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून तू पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवून आणलं होतंस. मंगळसूत्र काढण्याआधी ते गळ्यात बांधलंस. सवाशणीचा गळा मोकळा राहू नये, मशीन असो की काही असो. ती मुलगी हळकुंड हातात धरून उलटसुलट पाहत राहिली, शेवटी कोणाला तरी विचारून आली आणि म्हणाली, चालेल. जोडवी मात्र निघेनात. बोटं दुखण्यात जाड झाली होती. साबण लावून मी एक-एक काढली आणि तू सगळा वेळ मला शिव्या दिल्यास. मग तुझं सौभाग्य पदराच्या गाठीत बांधून मी बाहेर बसले, आणि आतून ती मशीन ठकठक ठकठक करत राहिली.

बाहेर आल्यावर तुझा खांदा आखडला होता. पालथं झोपवून हात डोक्याच्या पुढे ताणून ठेवला होता, हलायचं नाही. चहा पिता पिता तू एकदम म्हणालीस, "समजलं मले हे काय हाय ते. पुंजण्यात हात घालून पाह्यनं." बरोबर होतं तुझं. कापलेल्या धानाचा पुंजणा वरून वाळलेला दिसतो, पण जाणता माणूस आत कोपरापर्यंत हात घालून बघतो. ओलं धान रचलं असेल तर आत गरम लागतं. वरून काही दिसत नाही आणि आत धान काळं पडून जातं. मी तुला म्हटलं, बघ, आता तूच माझ्या बाजूने बोललीस. तू म्हणालीस, "हाव, पण हात माहा नसते न टाकला."

म्हणजे तुला समजलं होतं. मी हे पुन्हा पुन्हा घोळवते, कारण तुला समजलं नसतं तर मी तुला केव्हाच माफ केलं असतं.

निकालाच्या दिवशी तू डॉक्टरांच्या खोलीत एकटी गेलीस. मी दाराबाहेर. तू हसत बाहेर आलीस. "काय म्हणाले?" "साफ." "आत काहीच नाही?" "काईच नाई व. हारली तुही मशीन." मी तुला तिथेच मिठी मारली, सगळ्या बायकांच्या देखत. त्यानंतर माझा नंबर लागला, मी आत जाऊन डॉक्टरांना म्हटलं, शकूचं चांगलं झालं ना साहेब? ते माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ज्याचं त्याला विचारावं. मला वाटलं, माणूस जरा खडूसच आहे. बसस्टँडवर तू दोन आलूबोंडे घेतलेस आणि पहिला घास मला भरवलास.

तो घास मला आता आठवतो आणि वाटतं, तो तू कसा भरवलास?

डॉक्टरांनी त्याच दिवशी मलाही विचारलं होतं, तुमचाही एमआरआय करून घ्यायचा का, म्हणजे पुढे गोळी कमी करता येईल का ते ठरवू. मी म्हटलं, नको साहेब, शकूचा आजार माझ्याहून जुना, तिचंच साफ आलं तर माझं काय असणार. तुझ्या भरवशावर मी माझ्या हातांची चिंता सोडून दिली. गोळ्या तेवढ्या घेत राहिले, तुझा रविवारचा फोन यायचा म्हणून. तू म्हणालीस, साहेबांनी माझी गोळी अर्धी केली, पण फोन चालू ठेवू, सवय राहते.

रोवणीच्या दिवसांत तू मला गावी बोलावलंस. बांधीत चिखलात बायकांची रांग, आणि रांगेच्या टोकाला तू. ज्या वर्षांत तुझे हात चालत नव्हते त्या वर्षांत तुला बांधीच्या कडेला धुऱ्यावर पोरं आणि भाकऱ्या सांभाळत बसवलं होतं, ते तू मला किती वेळा सांगितलं होतंस. सांगताना हसायचीस, पण तुझा जीव जायचा. आता तू पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, पेंढी एका हातात धरून दुसऱ्या हाताने भराभर रोवत होतीस, गाणं तू उचलत होतीस आणि बायका मागून म्हणत होत्या. चेहरा भरला होता. गाल वर आले होते. मी धुऱ्यावर उभी राहून पाहिलं आणि मला वाटलं, माझीच दृष्ट लागायची. त्या दिवशी दिवेलागणीला मीठ-मिरच्या घेऊन मी तुझी नजर उतरवली. मिरच्या चुलीत टाकल्या तर ठसका लागला नाही, आणि मी म्हटलं, बघा, केवढी नजर होती. तू मान खाली घालून बसली होतीस. मला वाटलं, लाजलीस.

आपल्याकडे माणूस अंगाने भरला की बरा झाला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी तेच धरून चालले.

थंडी पडली आणि तुला ताप आला. साधा ताप म्हणून घरी काढलात, मग दम लागायला लागला, मग चंद्रपूर. मी धावत आले. तोंडावर मास्क, बोलता येत नव्हतं. मी हात हातात घेतला तर तू तोंड भिंतीकडे वळवलंस. थकली असेल म्हणून मी पाठ चोळत बसले. फुप्फुसात संसर्ग पसरला होता, अंगात लढायला काही उरलं नव्हतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. तू गेलीस. माझ्याकडे एकदाही नीट न पाहता गेलीस.

तुला पोचवून आल्यावर जो पहिला दवाखान्याचा दिवस आला, त्या दिवशी मी नंबर न लावता डॉक्टरसाहेबांच्या खोलीत शिरले. भरल्या खोलीत तोंड सोडलं. म्हटलं, तुमची मशीन साफ म्हणाली होती ना? तुम्हीच तिची गोळी अर्धी केलीत ना? मग माझी शकू कशी गेली?

त्यांनी समोरच्या पेशंटला बाहेर बसायला सांगितलं. मग मला म्हणाले, "कुंदाताई, बसा. साफ होतं असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी उभीच राहिले.

"मी हे तुम्हाला सांगायला नको खरं तर. पण तुम्ही आयुष्यभर चुकीच्या माणसाला शिव्या देत राहाल. साफ नव्हतं. मनगटाच्या हाडांत ओल होती, दोन बोटांच्या सांध्यांत सूज होती. मी बोट ठेवून दाखवलं. गोळी अजिबात कमी करायची नाही म्हणून बजावलं."

"समजलं नसेल तिला."

"सगळं समजलं. मलाच म्हणाल्या, म्हणजे पुंजणा आतून गरम आहे. मग हात जोडून म्हणाल्या, कुंदीला तेवढं सांगू नका, मी सांगते."

त्यानंतर तू एकदा आलीस आणि मग आलीच नाहीस. त्यांना वाटलं, नागपूरला कोणाकडे जात असशील. मला तू म्हणत होतीस, पोरासोबत मोटारसायकलवर जाऊन येते, बसने अंग दुखते.

मी खोलीतून बाहेर आले. मला रडू आलं नाही, संताप आला. तू असतीस तर तिथल्या तिथे झिंज्या धरल्या असत्या.

तेरवीला मी तुझ्या सुनेला, रंजनाला, मागच्या पडवीत गाठलं. भांडी घासत होती. मी सरळच विचारलं, "तुही सासू रविवारची गोळी घेत होती का नाई?" तिच्या हातातली परात तशीच राहिली.

"नाई व मावशी. कवाचीच सोडली होती."

"मंग हात कसे चालत होते?"

"बाजारात एक जण येते नं, दुखण्याच्या पुड्या देते तो. पायल्यांदा बाजूच्या वावरातले कोणी तरी घेत होते, मग आय बी घ्याले लागली. दोन दिवसांत सूज उतरे. भूक लागे. आयले वाटे आता काईच नाई राह्यलं."

"घरी सगळ्याईले माहीत होतं?"

"हाव."

"रोवणीच्या बायाईले?"

ती खाली पाहून परात घासायला लागली. म्हणजे त्यांनाही. त्या दिवशी मी मिरच्या ओवाळत होते तेव्हा तुझ्या घरातला प्रत्येक माणूस मनात हसत असेल, किंवा डोळे चुकवत असेल. न कळलेली एकटी मी, जिला तुझ्या प्रत्येक सांध्याची हकिकत पाठ होती.

"मले काऊन नाई सांगितलं?" मी विचारलं.

रंजना रडायलाच लागली. "आयनं शपथ घातली होती मावशी. म्हणे, कुंदी माह्याकडं पाहून गोळ्या खाते. तिले समजलं का इतकं करून बी माह्या आत तसंच हाय, त ते सोडून देईन सारं. तिले साफ म्हणून सांगितलं, आता साफच राहाले पाह्यजे."

आता यावर मी काय करायचं, शकू? पाया पडायचं तुझ्या? त्या पडवीत मला क्षणभर वाटलंही, की ही बाई माझ्यासाठी एवढं करून गेली. डोळे भरले. आणि लगेच दुसरा विचार आला की मी मागितलं होतं का हे? मी काय दूध पिणारं पोर होते, की मला भूल देऊन औषध पाजायचं? मी सोडलीही असती गोळी एखाद्या रविवारी, रागाने. मग तू फोनवर मला शिव्या दिल्या असत्यास, मी तुला दिल्या असत्या, आणि पुढच्या रविवारी दोघींनी घेतली असती. आपलं असंच चालत आलं होतं. ते तू तुझ्या एकटीच्या मनाने मोडलंस.

आणि सगळं माझ्याच गळ्यात घालू नकोस. माझ्यासाठी खोटं बोललीस, मान्य. पुडी कोणासाठी घेतलीस? ती तुझ्या रांगेसाठी घेतलीस. गोळी सोडून सूज परत आली म्हणून साहेबांकडे गेली असतीस तर ते म्हणाले असते, अजून वर्षभर दमाने घ्या, आणि बायकांनी पुन्हा पेंढ्या तुझ्या हातातून काढून घेतल्या असत्या. ते तुला सोसवलं नसतं. हे मला समजतं गं. मशीन झाकून ठेवल्यावर मला काय होत होतं ते मीच जाणे. मला कळत नाही ते एवढंच की, हे समजणारी एकच बाई साऱ्या मुलखात होती, आणि तू तिच्यापासूनच लपवलंस.

तेरवीहून आल्यावर मी शिवायला बसले. ब्लाउजाला हूक लावताना बोटं मऊ चालत होती. कुठे दुखत नव्हतं, सूज नव्हती, रक्तही चांगलं. पूर्वी या गोष्टीचा आनंद व्हायचा. आता भीती वाटली. तुझेही हात चालतच होते की. मी उठून डॉक्टरांना फोन लावला आणि म्हटलं, माझं आत बघायचं आहे.

घरी कोणाला सांगितलं नाही. आमच्या ह्यांना म्हटलं, नेहमीची तपासणी आहे. नागपूरच्या त्याच खोलीत त्याच मुलीने सगळं काढून ठेवायला सांगितलं. पालथी झोपून हात पुढे ताणला तेव्हा तू किती वेळ असा हात धरून ठेवला असशील याचा विचार आला आणि राग जरा बाजूला झाला. मग मशीन वाजायला लागली आणि मला तुझा इतका आठव आला की अंग हललं आणि हलू नका म्हणून काचेपलीकडून ओरडले ते.

डॉक्टरांनी निकाल दाखवला. मी त्यांना म्हटलं, बोट ठेवून दाखवा. त्यांनी ठेवलं. उजव्या मनगटात आहे अजून, शकू. तुझ्याइतकं नाही, पण आहे. गोळी चालू ठेवायची, सोबत एक वाढवून द्यायची आणि काही महिन्यांनी पुन्हा बघायचं. मी तुझ्या पुडीचंही विचारलं. ते म्हणाले, असल्या पुड्यांत बहुधा स्टेरॉइड असतं. सूज पळते, भूक लागते, चेहरा फुगतो, रक्ताची तपासणीसुद्धा फसते, आणि माणसाची आजाराशी लढायची ताकद निघून जाते. तो भरलेला चेहरा तब्येतीचा नव्हताच.

बसमध्ये खिडकीशी बसले. घरी काय सांगायचं ते ठरवत होते. आणि खरं सांगते, तुझाच शब्द तोंडात आला. साफ. हळूच म्हणून पाहिला. फार सोपा शब्द आहे गं तो. ह्यांचा चेहरा खुलेल, कोणी गोळ्यांवर लक्ष ठेवणार नाही, कोणी शिलाई मशीनवरून उठ म्हणणार नाही, गिऱ्हाइकांना कळणार नाही. एकदा म्हटलं की झालं. तू त्या दारातून हसत बाहेर आलीस तेव्हा तुला किती हलकं वाटलं असेल, ते मला कोठारीच्या आसपास समजलं. आणि मी घाबरले.

घरी पोचले तेव्हा आमचे हे ओसरीत सुपात लाखोरीची डाळ निवडत बसले होते. मी चपलाही काढल्या नाहीत. पायरीवर उभी राहूनच म्हटलं, "आयका. मी नागपूरले गेली होती, आत पाहाले. माह्या आत हाये अजून."

त्यांनी वर पाहिलं. "रोग?"

"हाव."

"मंग?"

"मंग काय. गोळ्या वाढवल्या."

त्यांनी सुपात बोट फिरवलं. एक खडा वेचून अंगणात टाकला.

"बरं," ते म्हणाले. "तू बस. भात मी मांडतो."

आणि उठून आत गेले. एवढंच झालं, शकू. एवढ्यालाच भ्यालीस?